एक सामना तेवढा राहू द्या

प्रति,
आयोजन समिती,
हौशी टेनिस लीग

स. न. वि. वि.

नव्या हंगामाची गटवारी वाचली. ब गटात दुसरा आलेला गडी अ गटात गेला आणि तिसरा आलेला मी होतो तिथेच राहिलो. नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता, त्यात खोट काढायला मी बसलेलो नाही. हे पत्र माझ्या बढतीसाठीही नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाने समितीला पत्र लिहिलं की वाचणाऱ्याला पहिली शंका तीच येते, म्हणून आधीच सांगून टाकतो. मागणी लहानशी आहे. त्याचा आणि माझा हंगामातला एक सामना वेळापत्रकात राहू द्या. गुणतक्त्यात धरला नाहीत तरी चालेल.

आमचे सामने तुमच्या दप्तरी आहेतच. सात हंगाम, एकोणीस सामने, त्याचे ११ आणि माझे ८. दप्तरात नाही ते इथे लिहितो.

तो डावखुरा आहे. डावखुऱ्याची सर्व्हिस घेण्याची वेळ ज्यांच्यावर आलेली नाही त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार सांगायला हवं. उजव्या हाताने खेळणारा डावीकडच्या चौकोनात, म्हणजे ऍड कोर्टवर, उभा राहिला की डावखुऱ्याचा बॉल टप्पा पडल्यावर आणखी बाहेर सरकतो, बॅकहँडच्याही पलीकडे. आपण रॅकेट लांब करतो, बॉल आणखी लांब जातो, आणि शेवटी आपण कोर्टच्या बाहेर कुंपणाशी उभे असतो नि अख्खं कोर्ट मोकळं पडलेलं असतं. त्यात ३०-४०, ४०-३० आणि ऍडव्हांटेज, म्हणजे चुरशीच्या गेमचा निकाल लावणारे गुण, नेमके याच चौकोनात येतात. मी पहिले पाच सामने ओळीने हरलो ते याच चौकोनात.

त्या दिवसांत माझा दिलासा होता अमेरिकन टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस. जिमी कॉनर्सकडून ओळीने सोळा वेळा हरल्यावर १९८० च्या जानेवारीत त्याने कॉनर्सला हरवलं, आणि नंतर पत्रकारांना ठणकावून सांगितलं की व्हिटास गेरुलायटिसला ओळीने सतरा वेळा कोणीही हरवू शकत नाही. माझ्याकडे अजून अकरा पराभवांची सवड आहे, असा हिशोब मी मांडला होता. ती सगळी लागली नाही. दुसऱ्या हंगामात मी ऍड कोर्टवर दोन पावलं डावीकडे सरकून उभा राहू लागलो, रॅकेट मागे न्यायचं जवळपास बंद केलं आणि सर्व्हिस नुसती अडवून तिरकी परत पाठवायला शिकलो. त्यावर तो सर्व्हिसपाठोपाठ नेटवर यायला लागला. मग मी लॉब, म्हणजे त्याच्या डोक्यावरून उंच बॉल मारायला, शिकलो. मग तो लॉबच्या मागे पळायला शिकला. साठीकडे झुकलेला माणूस पाठमोरा धावत जाऊन डोक्यावरून गेलेला बॉल परत आणतो तेव्हा आपण नेटजवळ नुसते बघत उभे राहतो, आणि तेवढ्यात गुण जातो. मी आयुष्यात तीन कोचांकडे शिकलोय. बॅकहँड मात्र मला या माणसाने शिकवला, आणि तोही एक अक्षर न बोलता.

पहिले दोन हंगाम आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. सामना संपला की नेटवर हात मिळवायचा, 'छान खेळलात' म्हणायचं, निघायचं. ते कसं बदललं ते सांगतो. त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही, पण सांगितल्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

तिसरा हंगाम. पहिला सेट मी जिंकलेला, दुसऱ्यात ५-४ अशी माझी आघाडी, सर्व्हिस माझी, गुण ३०-४०. पंच आपल्या लीगमध्ये नसतोच. आपल्या बाजूचा कॉल आपणच द्यायचा, आणि शंका असेल तर बॉल आत धरायचा. त्याचा फोरहँड माझ्या बेसलाईनवर आला. मी बोट वर केलं आणि 'आउट' म्हणालो. आपल्या हार्ड कोर्टवर मातीच्या कोर्टसारखी ठळक खूण उमटत नाही. बेसलाईन रुंद असून असून १० सेंटिमीटर, बॉलचा व्यास साडेसहा-पावणेसात, आणि त्याचा केसाएवढा भाग जरी रेषेला लागला तरी तो आत. मला बॉल आणि रेषा यांच्यात फट दिसली नव्हती. बोट वर करतानाच मला ते माहीत होतं.

तो नेटच्या पलीकडून एवढंच म्हणाला, "नक्की?"

मी म्हणालो, "हो."

तो वळला, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत आपल्या जागी गेला. ड्यूस, म्हणजे ४०-४०, झाला, पुढचे दोन्ही गुण मी घेतले, सामना जिंकलो. निकाल तुमच्याकडे ६-३, ६-४ असा नोंदलेला आहे.

आठवडाभर ते 'नक्की?' डोक्यातून जाईना. त्याने आवाज चढवला असता, तक्रार केली असती, तर मी सुखाने भांडलो असतो. शेवटी फोन केला. म्हटलं, "अहो, त्या दिवशीचा तो बॉल आत होता." पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "माहितीये रे." ते 'रे' पहिल्यांदा आलं. निकाल बदलण्यासाठी समितीला कळवू का, असं मी विचारलं. "कशाला? पुढच्या वेळी वसूल करतो," म्हणाला. केलं. ६-१, ६-२.

तेव्हापासून आमच्यात अरे-तुरे आहे, आणि लाईन कॉलवरून भांडणं होतात ती उलटी. मी म्हणतो बॉल आत होता, आणि ज्याने मारला तो म्हणतो आउट. मागे एकदा यातच आमची पाच मिनिटं गेली आणि शेजारच्या कोर्टवरून आवाज आला, की तुमचं मिटलं नसेल तर तो गुण आम्हाला द्या.

आणखी एक गोष्ट दप्तरात नाही: डबा. सामन्याला दोघांनी बॉलचा एकेक नवा डबा आणायचा, एक फोडायचा, न फोडलेला जिंकणाऱ्याने न्यायचा, ही आपली पद्धत. चौथ्या हंगामात मी जिंकून नेलेला डबा पुढच्या सामन्याला तसाच परत आणला, निव्वळ कंजूषपणाने. तो जिंकला, डबा घेऊन गेला, आणि पुढच्या वेळी त्यानेही तोच आणला. वर मार्करने तारीख नि स्कोअर लिहिलेला. आता त्या डब्यावर लिहायला जागा उरलेली नाही, झाकणावरसुद्धा शेवटचा निकाल कसाबसा कोंबलेला आहे. फोडायचा डबा वेगळा आणतो; हा फक्त बेंचवर उभा असतो. नियमपुस्तकाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. आमच्या डब्यातले गुडघ्यापर्यंत आले तरी मिळवली.

तर, गटवारी लागल्यावर मी समितीतल्या एका सदस्यांशी बोललो. ते सरळ मनाने म्हणाले, "मग दोघं मिळून एखाद्या रविवारी खेळा की. कोण अडवतंय तुम्हाला?"

कोणीच अडवत नाही, आणि आम्ही खेळून बघितलं आहे. दोन हंगामांच्या मधल्या मोकळ्या काळात पाच-सहा वेळा. सांगू काय होतं? पहिला सेट बरा जातो. दुसऱ्यात ३-२ आहे की ४-२ यावर एकमत होत नाही आणि दोघांनाही त्याचं फारसं वाटत नाही. बॉल रेषेपाशी पडला की 'जाऊ दे, घे तू' सुरू होतं, म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी एक आठवडा झोप घालवली तिची किंमत शून्य. तो दोन पायांच्या मधून फटके मारून बघतो. मी ड्रॉप शॉट मारतो, जो मला येत नाही. मग कोणीतरी नेटपाशी येतो, गुडघ्याची चौकशी होते, तिथून मुलांच्या नोकऱ्या, आणि कोर्टची वेळ संपते. छान वेळ जातो, नाही म्हणत नाही. पण ज्या सर्व्हिसच्या धास्तीने मी चार दिवस आधीपासून भिंतीवर बॅकहँड घोटतो ती सर्व्हिस तो तेव्हा करतच नाही. कशाला करील? आणि मी तरी कशाला घोटीन?

मैत्री आमची आम्ही सांभाळू, ती तुमच्याकडे मागत नाही. तुमच्याकडे मागतोय ती तारीख. छापील वेळापत्रकात अमुक दिवशी, अमुक कोर्टवर, त्याच्या नावापुढे माझं नाव, आणि संध्याकाळी कुठेतरी नोंदला जाणारा स्कोअर. एवढं असलं की आम्ही दोघं जरा बरे टेनिसपटू होतो. नसलं की दोन ओळखीचे लोक होतो. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने सायकलस्वारांच्या शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की एकटा घड्याळाविरुद्ध पळणारा स्वार बरोबरीला दुसरा असला की जास्त वेगाने जातो. त्याला प्रयोग लागला. आम्हाला रविवार पुरला.

मोठ्या खेळाडूंचंही याहून वेगळं नाही. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा १९७३ ते १९८८ या काळात एकमेकींशी ८० सामने खेळल्या, त्यातले ६० अंतिम सामने. मार्टिनाचे ४३, ख्रिसचे ३७. त्याच दोघींनी जोडीने १९७५ ची फ्रेंच आणि १९७६ ची विम्बल्डन दुहेरी जिंकलेली. मैत्रिणी होत्या आणि अजून आहेत. पण ते ८० सामने त्यांनी फोनाफोनी करून ठरवले नव्हते. स्पर्धा होत्या, ड्रॉ निघत होते, आणि दोघी आपापल्या बाजूने जिंकत येऊन शेवटी एकमेकींसमोर उभ्या राहत होत्या. कोणीतरी मांडलेला पट होता म्हणून ती चुरस झाली. विम्बल्डनला २०१० मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले, पाचवा सेट ७०-६८ ला संपला, आणि २०११ च्या ड्रॉमध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत तेच दोघं समोरासमोर आले. चिठ्ठ्यांचा योग. आमच्या बाबतीत चिठ्ठी तुमच्या हातात आहे, एवढाच फरक.

आता रेटिंगचं. गटवारीसोबतच्या टिपेत 'खेळाडूंच्या दर्जातील स्पष्ट अंतर' असा शब्दप्रयोग आहे. त्याला मात्र माझी हरकत आहे, आणि ती आकड्यांसकट मांडतो.

साखळीतल्या शेवटच्या सामन्याला आम्ही दोघं सारख्या विजयांवर होतो. तो ६-४, ६-३ असा जिंकला. तुमच्या सूत्रात त्याचे १२ गेम आणि माझे ७ गेले, म्हणजे बरंच अंतर. त्या दिवशी मी कुंपणाच्या जाळीला फोन अडकवून चित्रीकरण केलं होतं (माझ्या दुसऱ्या सर्व्हिसला काय होतं ते बघायला, काही होत नाही, ती मुळातच तशी आहे). नंतर बसून एकेक गुण मोजला. त्याचे ६६, माझे ५८. दीड तासाच्या वर खेळून आठ गुणांचा फरक. टेनिसची मोजणीच अशी आहे की ती लहान फरक फुगवते. प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरली तर गेम जिंकण्याची शक्यता साधारण ६२ टक्के होते, सेटची ८१ आणि तीन सेटच्या सामन्याची ९१ च्या आसपास. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला ९१ दिसतात, कोर्टवर दोघांना ५५ आणि ४५ जाणवतात. कधी तर मोजणी उलटीही फिरते. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण घेतले, जोकोविचने २०४, आणि करंडक जोकोविच घेऊन गेला.

म्हणून मला वर घ्या असं मी म्हणत नाही, हे पुन्हा एकदा. ६-४, ६-३ म्हणजे ६-४, ६-३. हरलो ते हरलो. फक्त 'स्पष्ट' हा शब्द काढा. तो टोचतो.

माझा तोडगा असा. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूने, वाटलं तर, दुसऱ्या गटातल्या एकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं. दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं असेल तरच सामना लावायचा. एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने नाही, तर चिठ्ठी फाडायची आणि कोणाला सांगायचं नाही. उगाच कोणाचा जीव कशाला दुखवायचा? सामना गुणतक्त्यात धरायचा नाही, रेटिंगमध्येही नाही. पण वेळापत्रकात छापायचा, आणि न आल्यास वॉकओव्हर नोंदायचा. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. वॉकओव्हरची भीती नसेल तर तो रविवारच झाला.

कोर्ट कमी पडतील, ही अडचण मला मान्य आहे. माझ्या अंदाजाने अशा जोड्या फार निघणार नाहीत. सात हंगामांत मला दोन-तीनच दिसल्या आहेत. एक तर त्या दोघी, ज्या सामन्याआधी एकमेकींशी बोलत नाहीत आणि सामन्यानंतर एकाच गाडीतून घरी जातात. त्यांना विचारा, त्या माझ्या बाजूने बोलतील. साखळी संपल्यावर बाद फेरीच्या आठवड्यात दोन-तीन कोर्ट रिकामे असतात. तिथे हे सामने सहज बसतील. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक लावायचा तुमचा यंदाचा ठराव आहे, तोही आमच्या सामन्याला लावा. मला तो आवडत नाही, पण दोन मागण्या एका पत्रात नकोत.

दुसरा आक्षेप असा येईल की बढती मिळालेल्याने खाली वळून का खेळावं. हे त्यालाच विचारलेलं बरं, म्हणून हे पत्र पाठवण्याआधी त्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाला, एवढं लांबण लावायची गरज नव्हती. मग पेन मागितलं आणि आकड्यांवर खूण केली: त्याच्या मते ११-८ नाही, १२-७. तो तिसऱ्या हंगामातला सामना तो स्वतःच्या खात्यात धरतो. मी म्हटलं, निकाल बदलायचा नाही असं तूच म्हणाला होतास. "समितीच्या कागदावर नाही बदलायचा. माझ्या वहीत बदललाय." यावर आमचं एकमत झालेलं नाही. तूर्त दप्तरातला आकडा ठेवला आहे.

चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहिणार, असं मी त्याला विचारलं नाही. अ गटात त्याला चांगले, तरणे, जोरदार सर्व्हिस करणारे लोक भेटतील. तिथे तो मागे सरून खेळायला शिकेल, नवीन काहीतरी घेऊन येईल, आणि ते मला कुठूनतरी कळेल. कळण्यापेक्षा समोरून यावं, असं मला वाटतं.

वेळापत्रक पक्कं व्हायच्या आत कळवावं ही विनंती. शेवटचा सामना त्याने जिंकल्यामुळे डबा सध्या त्याच्याकडे आहे, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे तो फक्त लीगच्या सामन्यालाच परत आणता येतो.

आपला,
ब गटातला तिसरा